शाखेआधी वसतिगृह विचारा

(लेखमाला : शिकायचं कुठं? भाग पाचवा)

गेल्या आठवड्यात दहावीनंतरच्या पदविकेबद्दल लिहिलं. त्यानंतर डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे, अगदी उंबरमाळीच्या फलाटावरही पालकांनी एकच प्रश्न विचारला. पोरानं बारावी सायन्स केलंय, सीईटी दिलीय, आता इंजिनीअरिंगला कुठली ब्रँच बरी? कॉम्प्युटर घ्यावं की सिव्हिल?

माझं उत्तर पालकांना जरा आडवळणाचं वाटतं, पण मी ते जाणूनबुजून देतो. आधी वसतिगृह विचारा. मेसचा महिन्याचा खर्च विचारा. शिष्यवृत्तीचे अर्ज कॉलेजात कोण बघतं, त्याचं नाव आणि खिडकी विचारा. ब्रँच त्यानंतर. शहापूर-मुरबाडची मुलं इंजिनीअरिंगमधून मागे फिरतात ती डोकं कमी पडतं म्हणून नाही. सरकारी कॉलेजात तर निव्वळ फीमुळेही सहसा नाही. ती मागे फिरतात प्रवेश झाल्यापासून शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंतच्या महिन्यांत, किंवा पहिल्या वर्षाच्या गणितात. या दोन ठिकाणी धरून ठेवणारं कोणी असेल, तर पुढची तीन वर्षं मूल आपल्या बळावर काढतं.

मला या विषयाची इतकी ओढ का, तर आपला मुलूखच अभियंत्यांच्या कामांनी भरलेला आहे. तानसा धरण १८९२ सालचं, मोडकसागर १९५७ सालचं, पुढे भातसा आणि मध्य वैतरणा. मुंबई जे पाणी पिते त्यातलं बरंचसं आपल्या डोंगरांतून जातं. उंबरमाळीच्या पुढे कसाऱ्यापासून थळ घाट चढणारा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. दर ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ, म्हणून आजही गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातून गेला. एवढं सगळं आपल्या जमिनीवर उभं राहिलं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मोडकसागर हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते एन. व्ही. मोडक मुंबई महापालिकेचे अभियंते होते. आपल्या पाड्यांच्या नळपाणी योजनेचा आराखडा काढणारा अभियंता याच पाड्यांतून शिकून आलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

आता सरकारी म्हणजे नेमकं कुठलं. माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ पासूनचं. त्याच्या शेजारची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासूनची, जिला जुनी माणसं अजून यूडीसीटी म्हणतात. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ. कऱ्हाड आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं १९६० ची. आणि रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातलं लोणेरे, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, १९८९ सालच्या कायद्यानं स्थापन झालेलं. या सगळ्यांचे प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून होतात. खासगी कॉलेजं आपल्या तालुक्यातही आहेत, घराजवळ आहेत, आणि कॅपमधून तिथे गेलेल्यालाही शिष्यवृत्ती लागू होते. पण मूळ फीच जास्त असली की शिष्यवृत्ती अडकल्यावर घरावर येणारा भारही तितकाच जास्त असतो, हे विसरू नका.

यूडीसीटीचं नाव निघालं की रघुनाथ माशेलकर आठवतात. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेला, लहानपणी वडील गेलेला, आईनं मुंबईत मोलमजुरी करून वाढवलेला हा मुलगा. १९६० च्या अकरावीच्या बोर्डात अकरावा आला, तरी पैशांअभावी शिक्षण सोडायची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टनं महिन्याला साठ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यातून १९६६ साली ते यूडीसीटीतून रासायनिक अभियंता झाले, आणि पुढे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक. मला या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘महिन्याला’. वर्षाच्या शेवटी एकरकमी मिळणाऱ्या पैशांनी ऑगस्टमधली मेस भरता येत नाही.

आज साठ रुपयांची जागा सरकारी योजनांनी घेतली आहे, आणि त्या बऱ्याच आहेत. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला, म्हणजे आपल्याकडच्या महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी मुलांना, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेली आहे. त्यासाठी शहापूरचंच प्रकल्प कार्यालय आहे, लांब जायला नको. अनुसूचित जातीच्या मुलांना अशीच स्वाधार योजना आहे. कुणबी आणि आगरी घरांतून अनेकदा ऐकू येतं की आम्हाला काहीच नाही. तसं नाही. इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तीही याच धर्तीची, फक्त जिल्ह्यागणिक जागा मोजक्या आहेत. खुल्या प्रवर्गात आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. शिवाय प्रत्येक शाखेत शिक्षण शुल्क माफीच्या काही जागा निराळ्या असतात. त्या कुठल्याही प्रवर्गाला खुल्या आहेत, पण कॅपच्या अर्जात तो पर्याय निवडावा लागतो. अनेकांची ती संधी त्या एका खुणेवाचून जाते.

योजना आहेत, मग अडतं कुठं? कागदात.

जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कुटुंब ठरावीक तारखेच्या आधीपासून महाराष्ट्रात राहतं याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा, कधी पणजोबांचा कागद. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर नावाची जाडजूड वही असते. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या, एका ओळीत मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. त्या एका ओळीचा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा उतारा म्हणजे नातवाचं इंजिनीअरिंग. पण कातकऱ्यांचे आजोबा वीटभट्टीवर जगले, शाळेत गेलेच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी वाट तहसील कार्यालयात आहे. गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना चौदा, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात कुठल्यातरी चुलत आजोबाच्या जन्माची ओळ सापडते. रक्ताच्या नात्यातल्या कोणाला आधी वैधता मिळालेली असेल तर तिची प्रतही मोठा आधार असते. वंशावळ नीट लिहा आणि नावांचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा. ‘भाऊ’ आणि ‘भाऊराव’ एवढ्या फरकावरून अर्ज महिनोन्महिने पडून राहतात.

हा अर्ज बारावीच्या निकालानंतर करून भागत नाही. अकरावी सायन्सला असतानाच ज्युनियर कॉलेजमार्फत करायचा. ज्यांच्या घरी आत्ता अकरावीचं मूल आहे, त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा. इतर मागासवर्गाला नॉन क्रिमीलेअर दाखलाही लागतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा तो प्रवेशाच्या वर्षात चालणारा हवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि आधारशी जोडलेलं मुलाचं स्वतःचं बँक खातं. वडिलांचं खातं चालत नाही.

इथून पुढचं काम कॉलेजचं असतं, आणि सरकारी संस्थेची परीक्षा मी इथेच करतो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे. कुठेही ‘त्रुटी’ लागली की तो मुलाकडे परत येतो. मुलाला ते कळलंच नाही तर वर्ष गेलं. चांगल्या विद्यार्थी विभागात परत आलेल्या अर्जांची यादी फलकावर लागते, मुलांना बोलावून घेतलं जातं. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाचे निर्देश आहेत. अनामत, वसतिगृह आणि मेस यांचे पैसे मात्र सुरुवातीलाच हाताशी हवेत. गादी, बादली, ड्रॉइंगचं सामान, प्रयोगशाळेचा एप्रन हेही आलंच. भातलावणी उरकून हातात काही नसतं, नेमका तेव्हाच हा खर्च उभा राहतो. सावकाराच्या दारात जाण्याआधी संस्थेतल्या विद्यार्थी सहायता निधीची आणि बुक बँकेची चौकशी करा. मागितल्याशिवाय ते कोणी देत नाही, आणि मागण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता गणित. सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, गणिताची मात्र इंग्रजीतच. पहिल्या वर्षाला पाऊल ठेवलं की सगळंच इंग्रजी. एम-वन, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, सी प्रोग्रामिंग. आपली मुलं वर्कशॉपमध्ये चमकतात. कानस धरायला त्यांना शिकवावं लागत नाही, घरी पंपाची मोटर उघडलेली असते. ग्राफिक्समध्ये शीटवर ठोकळ्याची वरून दिसणारी आणि समोरून दिसणारी आकृती काढताना ती गोंधळतात, पण आठवड्याभरात सावरतात. एम-वन म्हणजे पहिल्या गणितात मात्र केटी लागते, म्हणजे विषय राहतो, आणि पहिली केटी मुलाच्या मनावर फार खोल बसते. ज्या घरात यापूर्वी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, तिथे एका विषयाची केटी म्हणजे सगळं संपलं असा अर्थ काढला जातो. वर्ष राहिलं की शिष्यवृत्तीही अडकते, आणि मूल गाशा गुंडाळून भिवंडीच्या गोदामात कामाला लागतं.

यावर उपाय ठाऊक आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्यानं २००२ नंतर राबवलेल्या टेक्विप कार्यक्रमात देशातल्या सरकारी कॉलेजांना मागे पडणाऱ्या मुलांच्या जादा वर्गांसाठी पैसे मिळाले. हा कार्यक्रम २०२१ मध्ये संपला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं पहिल्या वर्षासाठी सुरुवातीचे तीन आठवडे ओळखवर्ग आखून दिले आहेत. प्रत्येक वीसेक मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक, ही पद्धत आता बहुतेक ठिकाणी कागदावर आहे. ती वर्गात आहे का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलं की लगेच कळतं. पण सगळ्यांत मोठा जादा वर्ग वसतिगृहातच भरतो. रात्री शेजारच्या खोलीतला सिनियर एक गणित दोनदा सोडवून दाखवतो, जुन्या प्रश्नपत्रिका देतो, सबमिशनच्या आदल्या दिवशी जर्नल पुरं करायला बसवतो. रोज ये-जा करणाऱ्याला हे मिळत नाही.

म्हणूनच उंबरमाळीहून माटुंग्याला रोज लोकलनं जाण्याचा बेत मला धोक्याचा वाटतो. दादरपर्यंत एका बाजूला दोन तासांहून जास्त, परतीला तेवढेच, गाड्या लांबलांबच्या अंतरानं. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्थानकात रुळांवर पाणी भरलं, घाटात दरडी आल्या आणि गाड्या बंद पडल्या. नेमका पावसाळाच पहिल्या सत्राचा काळ असतो. मुरबाडला तर रेल्वेच नाही, आधी एसटीनं कल्याण गाठायचं. व्हीजेटीआयला नंबर लागला तर अवश्य घ्यावा, पण वसतिगृहासह किंवा स्वयम्, आधार, स्वाधार यांपैकी एकाच्या बळावर खोली घेऊन.

लोणेऱ्याकडे आपले लोक फार कमी बघतात. चवदार तळ्याच्या महाडपासून जवळ, मुंबई-गोवा महामार्गावर हे विद्यापीठ आहे. आवारातच मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर यांच्याबरोबर पेट्रोकेमिकलसारखी शाखाही आहे. रसायनीपासून नागोठण्यापर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तिला अर्थ आहे. मुंबईच्या मानानं तिथे राहण्याचा खर्च कमी, आणि आजूबाजूची बहुतेक मुलंही कोकणातल्या, मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली. इंग्रजी अडखळत बोलणारा मुलगा तिथे एकटा पडत नाही. पहिल्या वर्षात या गोष्टीचं मोल रँकिंगहून जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश मात्र कॅपमधून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळू शकते. तरीही बापाचा पाय अडतो तो पैशांपाशी नाही. ‘सर, एवढ्या लांब पोरीला एकटी कशी ठेवू?’ हा प्रश्न मी हसून टाळत नाही. अशा वडिलांना माझं सांगणं एकच असतं: तिला घेऊन एक दिवस तिकडे जा. दिव्याहून कोकण रेल्वेच्या गाडीनं माणगावला उतरा, तिथून एसटी. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांना भेटा. रात्री फाटक किती वाजता लागतं, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेतं, सुट्टीला घरी सोडताना कोणाची सही लागते, सगळं विचारा. आपल्या ठाणे जिल्ह्यातली एखादी मुलगी तिथे शिकत असेल तर तिच्याशी तुमच्या मुलीला तुमच्याविना अर्धा तास बोलू द्या. आणि हे सगळं कॅपचे पर्याय भरण्याच्या आधी करा, कारण एकदा पर्याय कायम केले की त्या फेरीत ते बदलता येत नाहीत.

पुढच्या भागात कॅपचे पर्याय कोणत्या क्रमानं भरायचे ते बघू.