ऊर्फ

परंदवडीच्या जमिनीची वारसनोंद करायला घेतली, तर सातबाऱ्यावर आमच्या मरहूम आजोबांचे हाकेचे नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर अकीक्याचे. माणूस एकच, कागदाच्या लेखी दोन! वकिलांनी इंग्रजी मसुद्यात दोन्ही नावांमध्ये ‘एलियस’ घातला. तलाठ्याकडच्या मराठी अर्जात त्याच जागी ‘ऊर्फ’ आला.

‘एलियस’ हे मुळात लॅटिन क्रियाविशेषण. अर्थ ‘एरवी’, ‘दुसऱ्या वेळी’. ‘दुसरा’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेले. आरोपी आपण घटनेच्या वेळी ‘दुसरीकडे’ होतो म्हणतो, तो ‘एलिबाय’ त्याच घरातला. म्हणूनच की काय, एलियस ऐकले की आम्हाला आधी पोलीसठाणे आठवते.

‘ऊर्फ’ अरबीतून आला. ऐन, रे, फे ही त्याची मूळ अक्षरे, आणि काम ओळखण्याचे. मारिफत, तआरुफ, तारीफ ही त्याची भावंडे. पाकिटावर लिहितो ती ‘मार्फत’सुद्धा. फिकहमध्ये तर उर्फ म्हणजे लोकांत रुळलेली रीत. लॅटिन शब्द ‘दुसरा’ म्हणतो, अरबी शब्द ‘ओळखीचा’.

नोंदीसाठी गावातल्या दोन बुजुर्गांचे जबाब घेतले. आजोबांचे अकीक्याचे नाव दोघांनी एकदाच ऐकले होते, आमच्या वालिदांच्या निकाहात, काझीसाहेबांनी वाचले तेव्हा.