विनोबा ‘सुत’ कातत होते?

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये झाला. शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाच्या शब्दयादीत या गावाचं नाव नसेल, तर त्याखाली लाल रेघ येते, चूक नसतानाही. उलट ‘विनोबा रोज सुत कातत’ हे वाक्य बिनरेघेचं सुटू शकतं, कारण सुत म्हणजे मुलगा, हाही खराच शब्द. (मुलगा कातणारे विनोबा!) साधं यंत्र शब्द यादीशी ताडतं, अर्थाशी नाही. दिन-दीन, शिर-शीर इथेही तेच. त्यात मराठीची सामान्यरूपं: ‘सूत’ दीर्घ, पण ‘सुताला’ ह्रस्व. म्हणून हनस्पेलसारख्या साधनाला शब्दांच्या यादीबरोबर प्रत्ययांच्या नियमांचीही फाइल लागते.

कोणी म्हणेल, नवी साधनं संदर्भही पाहतात. पाहतात, आणि ‘सुत कातणं’ त्यांना खटकेलही. पण त्यांचा ओढा सरावाच्या शब्दाकडे असतो, आणि आडगावाचं नाव सरावाचं नसतं. मग यंत्र नकोच? तसंही नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२ साली वाढलेले ४ लिहिण्याच्या ओघात कोणाच्या ध्यानात राहतात? थकलेल्या डोळ्याला निसटलेली ‘परिक्षा’ यंत्र चटकन धरतं. तेवढं काम त्याच्याकडून घ्यावं. गावांची, माणसांची नावं खात्री करून आधीच आपल्या शब्दकोशात घालावीत. सूत की सुत, हे मात्र वाक्य वाचूनच ठरवावं.