जुन्या मोटारीत दोष निघाल्यास दाद कोठे मागावी?

नवी मोटार परवडत नाही म्हणून अनेक कुटुंबे वापरलेल्या मोटारीकडे वळतात. विक्रेत्याच्या दालनात लखलखणारी गाडी घरी आल्यावर मात्र गिअर अडखळणे, इंजिनातून तेल गळणे अशा तक्रारी सुरू होतात. 'गाडी आहे त्या स्थितीत विकली', असे म्हणून विक्रेता हात झटकतो आणि ग्राहकही नशिबाला बोल लावून गप्प बसतो. प्रत्यक्षात, व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याला एवढ्यावर सुटता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेत्याने वस्तूबद्दल जो दावा केला, त्यात उणीव आढळणे हाही 'दोष' ठरतो. 'अपघात न झालेली', 'एकाच मालकाची' अशी जाहिरात असेल, तर ती जपून ठेवावी. मात्र वयोमानाने झिजलेले टायर वा क्लच प्लेट यांबाबतची तक्रार टिकणे अवघड असते.

पुरावा आधी, दुरुस्ती नंतर

दोष दिसताच परस्पर गाडी उघडून घेण्याचा मोह टाळावा. विक्रेत्याला प्रथम लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून तपासणीचा लेखी अहवाल मिळवावा. तेथील जुन्या नोंदींमधील किलोमीटरचे आकडे सध्याच्या आकड्याशी ताडून पाहिल्यास मीटर मागे फिरवल्याचेही उघड होऊ शकते. त्यानंतर दुरुस्ती, बदली गाडी किंवा पैसे परत, यांपैकी काय हवे ते मुदत देऊन नोटिशीत स्पष्ट लिहावे.

आयोगाकडे दाद

विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथे समेटाचा प्रयत्न होतो. आदेश देण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास याच आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी ते २०० रुपये आहे. ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथेही तक्रार दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते. वकील देणे सक्तीचे नाही. आवश्यक असल्यास आयोग गाडीची तांत्रिक तपासणी करवून घेऊ शकतो.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाच्या अधिकारपत्राची व्यवस्था लागू झाली आहे. व्यवहारापूर्वी ते पाहावे, रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी आणि पक्के बिल घ्यावे. बिल नाकारणे हीदेखील कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तोंडी आश्वासने आयोगापुढे सिद्ध करणे कठीण जाते. कागद मात्र ग्राहकाच्या बाजूने बोलतो.