गेरूची झाडाझडती घेणारं यंत्र

यावलच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. हीच रांग धरून पूर्वेकडे गेलं की मेळघाट आणि गाविलगडचे डोंगर लागतात. तिथे मध्य प्रदेशाच्या हद्दीत, धारूळच्या परिसरात, अमरावतीच्या निसर्गप्रेमींना २००७ साली चित्रं असलेले शैलाश्रय सापडले. आदिमानवाची चित्रं म्हटली की आपल्याला थेट भीमबेटका आठवतं. पण आपल्या सातपुड्यातही ती आहेत.

त्यातला लाल रंग गेरूचा, हे कुणीही सांगेल. शास्त्राला मात्र पुरावा लागतो. पूर्वी त्यासाठी रंग खरवडून प्रयोगशाळेत न्यावा लागे. आता रामन वर्णपटमापी थेट गुहेतच नेता येतो. लेझरचा बारीक किरण रंगावर सोडायचा. परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग तरंगलांबी बदलून येतो. हा बदल दर खनिजाचा वेगळा. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली दाखवलेला परिणाम तो हाच.

किरण मंदच ठेवावा लागतो. पिवळी काव, म्हणजे गोएथाइट, तापली की तिच्यातलं पाणी उडतं आणि तिचं लाल हेमेटाइट होतं. किरण प्रखर झाला तर यंत्रच रंग बदलून टाकेल आणि उत्तर चुकेल!

कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्रातल्या आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संशोधकांनी भीमबेटक्याला असं काम केलं. ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. हेमेटाइट, गोएथाइट, कॅल्साइट, जिप्सम अशी खनिजं मिळाली. सोबत व्हेवेलाइट, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटही मिळालं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. गेरूत कार्बन नसतो, म्हणून कार्बन पद्धतीने त्याचं वय काढता येत नाही. ऑक्झलेटमध्ये तो असतो. दगडफूल किंवा सूक्ष्मजीवांमुळे त्याचा पापुद्रा चित्रावर धरला असेल, तर पापुद्र्याचं वय काढता येतं आणि चित्र त्याहून जुनं एवढं तरी ठरतं.

म्हणूनच चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी मारणं, खडूने गिरवणं घातक आहे. त्याने रंगावरचा पुरावाच बिघडतो. सातपुड्यात भटकताना एखाद्या कपारीत लाल रेघा दिसल्या, तर हात लावू नका. शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि वनखात्याला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.