उकार कापला जातो तेव्हा

मागच्या महिन्यात आईच्या मोबाइलवर वीजबिल भरायला बसलो. नजर अधू झाल्यापासून तिनं अक्षरं मोठी करून घेतली आहेत. रक्कम टाकली आणि ‘पुढे जा’चं बटणच सापडेना. ते पडद्याखाली गेलं होतं आणि पान वर सरकत नव्हतं. ‘‘माझंच काहीतरी चुकतंय,’’ आई म्हणाली. चूक तिची नव्हती. अ‍ॅप बनवण्याच्या ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या कामातली ती चूक होती. जिव्हारी लागलं.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. २००७चा आयफोन आणि २००८चा पहिला अँड्रॉइड फोन, दोन्हींचे पडदे ३२० बाय ४८० पिक्सेलचे. माप ठरलेलं, काम सोपं.

खरी तारांबळ उडाली ती पुढच्या दहा वर्षांत. २०११ साली एकाच कंपनीचे दोन फोन आले: ३ इंची गॅलॅक्सी वाय आणि ५.३ इंची गॅलॅक्सी नोट. अ‍ॅप मात्र दोघांना मिळून एकच. पिक्सेल मोजून भागेना, म्हणून आम्ही ‘डीपी’त बोलायला शिकलो. इंचाला १६० पिक्सेल असतील तिथे १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, ३२० असतील तिथे २. पडदा कितीही दाट असो, बटण बोटाला तेवढंच लागायचं. २०१२ला आयफोन ५ उंच झाला आणि जुन्या अ‍ॅपांच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या. २०१७ला आयफोन टेनच्या पडद्याला वरून खाच पडली.

आमच्या ऑफिसात तेव्हा एक खण जुन्या-नव्या फोनांनी भरलेला असे. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर पडद्याचं माप. अ‍ॅप त्या सगळ्यांवर चालल्याशिवाय बाहेर जात नसे. सगळ्यात लहान फोनवर एकदा ‘पूर्ण करा’ या बटणातल्या ‘पू’चा उकार खालून कापला गेला आणि ‘र्ण’चा रफार वरून. इंग्रजी शब्द त्याच चौकटीत आरामात बसला होता. अक्षरं वापरणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे वाढत होती, बटणाची उंची मात्र आम्ही आकड्यात बांधून टाकली होती. मजकुराला लागेल तेवढी उंची घेऊ द्यायची, एवढाच उपाय. तरी वरिष्ठ म्हणाले, ‘‘छोटे फोनवाले आपलं गिऱ्हाईक नाहीत.’’ मी तेव्हा गप्प बसलो. बसायला नको होतं.

आज साधनं कितीतरी चांगली आहेत. २०२५च्या अँड्रॉइड १६साठी बनवलेलं अ‍ॅप ६०० डीपी किंवा त्याहून रुंद पडद्यावर ‘मी उभंच राहणार’ असा हट्ट धरू शकत नाही. खेळांना तेवढी सूट आहे. घडीच्या फोनांसाठी हे हवंच होतं. पण तो खण गेला. आता बनवणारा स्वतःच्या नव्या, मोठ्या फोनवर, नेहमीच्या अक्षरांत एकदा पाहतो आणि मोकळा होतो. पडद्यांची काळजी घेता घेता डोळ्यांची राहून गेली.

त्या दिवशी मी आईच्या फोनची अक्षरं लहान केली, बिल भरलं आणि पुन्हा मोठी करून दिली. पुढच्या महिन्यात बिल येईल तेव्हा मी घरी नसेन.