मधली तोफ

शियांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळ. यात मोहरी घरात बसत नाहीत, रेघा जिथे छेदतात तिथे बसतात. नऊ उभ्या, दहा आडव्या रेघा, मिळून 90 जागा. पटाच्या मधोमध नदी आणि तिच्या पात्रात बहुतेक वेळा चू आणि हान ही नावं, इ.स.पू. 206 ते 202 या काळात शियांग यू आणि लिउ बांग यांच्यात पेटलेल्या युद्धाची ती खूण. आपल्या पटावर हत्ती मुसंडी मारतो, इथला हत्ती नदी ओलांडतच नाही. घोडा अडीच घरंच चालतो, पण त्याच्या पायाशी मोहरं आलं की तो अडला.

नियम एका दुपारी येतात. पुढे काय? फोनवर हवे तितके प्रतिस्पर्धी मिळतात, पण नुसतं हरत राहून खेळ येत नाही. एच. टी. लाउ यांचं इंग्रजी पुस्तक सुरुवातीला पुरतं. त्यानंतर मी तरी जुन्या चिनी ग्रंथांकडेच बोट दाखवीन. चिनी येत नाही म्हणून बिचकायचं कारण नाही. खेळीची नोंद चारच अक्षरांची: कोणतं मोहरं, कोणत्या रेघेवरून, पुढे-मागे की आडवं, आणि कुठवर. मोहऱ्यांची नावं, आकडे आणि तीन दिशा ओळखू आल्या की पुस्तक समोर ठेवून डाव मांडता येतो.

1632 सालचा झू जिनझेन यांचा 'जूझोंगमी' घ्या. नावाचा अर्थ संत्र्यातलं गुपित. भल्यामोठ्या संत्र्यात पट मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या जुन्या कथेवरून ते आलं. यातली लाडकी खेळी एकच: दुसऱ्या रेघेवरची तोफ आडवी सरकवून पाचव्या रेघेवर, ऐन मधोमध आणायची. तोफेला मारायला मध्ये एक मोहरं लागतं. इथे स्वतःचंच मधलं प्यादं ते काम करतं आणि समोरचं मधलं प्यादं थेट माऱ्यात येतं.

याला खणखणीत उत्तर दिलं कांगशी बादशहाच्या काळातल्या वांग झाइयुए यांच्या 'मेइहुआपू'नं. दोन्ही घोडे पुढे काढायचे. दोघांचा जोर त्याच मधल्या प्याद्यावर. माझ्या मते हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचणं हीच या खेळाची उत्तम शाळा.

शेवटाचा खेळ शिकायला चिंग काळातले कूटसंग्रह आहेत. त्यांतलं 'सप्ततारे' पदपथावरचे पैज लावणारे अजूनही मांडतात. दोन्हीकडे सात-सात मोहरी. येणाऱ्याजाणाऱ्याला लाल बाजू थोड्याच खेळ्यांत जिंकेलसं वाटतं. अचूक खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो. मांडणाऱ्याला सगळे सापळे पाठ असतात, त्यामुळे पैसे कुणाचे जातात हे सांगायला नको.

आता पिकाफिश हा फुकट मिळणारा संगणक-खेळाडू हाताशी आहे. वांगच्या डावांत मधली तोफ आणणाऱ्या लाल बाजूला मुद्दाम ढिलं खेळवलंय, हे तो लगेच उघडं पाडतो. तरी मधल्या तोफेसमोर आजचे उस्तादही बहुधा तेच दोन घोडे काढतात.