केमो सुरू असताना ताप आला तर

पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यात घरोघरी तापाचे रुग्ण दिसतात. निरोगी माणूस फ्लूतून साधारण आठवडाभरात सावरतो; कॅन्सरच्या रुग्णाला जास्त वेळ लागतो. असे का?

केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही सापडतात. डोस घेतल्यानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत त्यांची संख्या सर्वांत कमी असते. विषाणू मग शरीरात जास्त दिवस टिकतो आणि जिवाणूंनाही वाट मोकळी मिळते. प्लेटलेट आधीच कमी असतील, तर डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

म्हणून ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला की सकाळची वाट पाहू नका. आर्वी, हिंगणघाटकडच्या गावांतून सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो. गाडीची सोय आधीच ठरवून ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

ताप उतरल्यावरही थकवा काही आठवडे राहू शकतो. पुढचा डोस कधी घ्यायचा, हे रक्त तपासून डॉक्टरच ठरवतील. घरातल्या सर्वांनी फ्लूची लस घ्यावी. रुग्णाचे निम्मे संरक्षण घरच्यांच्याच हाती असते.